वाई : वाटेवरचे गाव की मुक्कामाचे?

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता खंबाटकीचा घाट उतरला, की थोड्याच वेळात सुरूर फाटा लागतो. सुट्टीच्या दिवशी येथे वाहनांची एक मोठी रांग उजवीकडे वळते. वळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात एकच नाव असते, ते म्हणजे महाबळेश्वर. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर वाई येते. गाडी नदीकाठी थांबते, ढोल्या गणपतीचे दर्शन होते, घाटाच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढले जाते, चहा घेतला जातो, आणि अर्ध्या-पाऊण तासात गाडी पसरणीच्या घाटाला लागते. वाई ‘पाहून झाली’ असे समजून प्रवासी वर जातो. शाळांच्या सहलींचाही क्रम बहुधा हाच असतो. मुलांच्या वहीत वाईच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि पुढची पाने महाबळेश्वरच्या ‘पॉइंटां’नी भरतात.

हा क्रम फार जुना नाही. कृष्णेचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वर पुरातन आहे. परंतु थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची वसाहत झाली ती १८२८-२९ च्या सुमारास, सर जॉन माल्कम मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना. पाचगणी तर त्याहूनही नंतरची. साहेबांच्या बग्ग्या डोंगर चढू लागल्या आणि पायथ्याचे वाई हे वाटेवरचे गाव ठरले. त्याआधी कित्येक शतके ते खोऱ्याचे मुख्य गाव होते. तीर्थ तेथे होते, सत्ताही तेथेच होती. वाटेवरच्या गावाचे दुर्दैव असे की, सारे जग त्याच्यातून जाते. पण त्याच्याकडे येत कोणीच नाही.

पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटरांवर असलेल्या या तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक वाठार, तेही दूरच. वाईला जायचे तर रस्त्यानेच जावे लागते, आणि रस्त्याने जाणाऱ्यालाच ती नीट उलगडते. घाट उतरताना खोऱ्याचा विस्तार ध्यानात येतो. एका बाजूस पांडवगड आणि दुसऱ्या बाजूस वैराटगड दिसू लागतो, आणि या दोन किल्ल्यांच्या पहाऱ्यात नदीच्या काठाने वसलेले गाव हळूहळू समोर येते. विराटनगरी ती हीच, असे येथील लोक श्रद्धेने सांगतात. इतिहासाचा भक्कम आधार मात्र सतराव्या शतकापासून मिळतो. विजापूर दरबाराचा सुभेदार म्हणून अफझलखानाचा अंमल या प्रांतावर होता. १६५९ साली तो शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा प्रतापगडाच्या पायथ्याशी जाण्यापूर्वी त्याचा तळ वाईतच होता. आज प्रवासी ज्या दिशेने डोंगराकडे जातात, त्याच दिशेने खान गेला आणि परत आला नाही.

नदीशी केलेला करार

वाईच्या नदीकाठाला आजचे रूप आले ते पेशवाईत. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या घरच्या. या सरदार घराण्याने गावात देवळे बांधली, घाट बांधले. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, तर महागणपतीचे १७६२ चे. एकाच पाषाणात घडविलेली गणपतीची ती अवाढव्य मूर्ती पाहून लोकांनी देवाला ‘ढोल्या’ हे लाडके नाव दिले, आणि तेच आता त्याचे खरे नाव होऊन बसले आहे.

दर्शनाला आलेले लोक मूर्तीपुढे हात जोडतात आणि परत फिरतात. देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहणारे थोडे. वास्तविक या देवळात खरे शिकण्यासारखे जे आहे ते या भिंतीत आहे. देऊळ नदीच्या पात्रालगत आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी थेट देवळावर येते. बांधणाऱ्याने देऊळ मागे हटविले नाही, किंवा नदीला अडविण्यासाठी तटही उभारला नाही. त्याने मागची भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली अशी केली. पुराचा लोंढा त्या टोकावर आला की दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षे कृष्णेचे पूर ती भिंत अंगावर घेत आली आहे. नदी ही शत्रू नव्हे आणि दासीही नव्हे. तिच्या शेजारी राहायचे तर तिचा स्वभाव ओळखून राहिले पाहिजे, हे ज्ञान त्या अनामिक गवंड्यांना होते.

नदीशी केलेला हा करार केवळ दगडांत राहिलेला नाही. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी अशी घाटांची नावे गावाच्या वस्तीशी बांधलेली आहेत. हिवाळा सरत आला की या घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला देवी मानून तिची मूर्ती मांडवात बसवितात. कीर्तने, प्रवचने होतात, पंगती उठतात. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव निघाला, अशी कथा गावात सांगितली जाते. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा. पण नदीला ‘बाई’ म्हणून हाक मारणारे आणि तिच्या नावाने आळीआळीला पंगत घालणारे गाव तिला केवळ पाण्याचा प्रवाह मानीत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

मेणवलीची घंटा

वाईहून धोमच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर गेल्यावर मेणवली लागते. उत्तर पेशवाईचे सूत्रधार नाना फडणीस यांचा वाडा येथे अजून उभा आहे. चौकामागून चौक, लाकडी खांब, भिंतींवरील जुनी चित्रे, आणि मागील बाजूस चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. पुण्याच्या राजकारणाने थकलेल्या त्या सावध मुत्सद्द्याला नदीकाठच्या या जागेचे आकर्षण का वाटले असेल, हे घाटावर क्षणभर बसल्यावर समजते. १८०० साली नाना वारले, तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई अगदी अल्पवयीन होती. सत्तेच्या ओढाताणीतून सुटल्यावर तिचे पुढील दीर्घ आयुष्य मेणवलीलाच गेले. इतिहासाच्या पुस्तकांत नानांना प्रकरणे मिळाली. जिऊबाईंच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद आला. त्या वाड्याच्या ओसरीवर तिने काढलेली वर्षे मोजू लागले, की पेशवाईच्या अस्ताचा अर्थ निराळ्या रीतीने मनाला भिडतो.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची हिंदू देवळातली नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि येशूसह मेरीची आकृती आहे. विजयाचे चिन्ह म्हणून आणलेली ही घंटा पुढे देवाच्या सेवेला लागली, आणि मेरीची आकृती कोणी खरवडून काढली नाही. वर्गात ‘समन्वय’ हा शब्द समजावून सांगताना शिक्षकाला जो प्रयास पडतो, तो येथे पडणार नाही.

मेणवलीचा हा घाट आज साऱ्या देशाच्या ओळखीचा आहे. पण तो त्याच्या स्वतःच्या नावाने नव्हे. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेश’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) अशा हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण वाई-मेणवलीच्या परिसरात झाले. पडद्यावर मात्र हे गाव कधी बिहारमधले झाले, तर कधी उत्तर प्रदेशातले. चित्रीकरणाने गावाला चार पैसे मिळतात, तरुणांना काही दिवस काम मिळते, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही ज्या गावाचा चेहरा कोट्यवधी लोकांनी पाहिला, त्याचे नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. वरवर पाहणाऱ्या प्रवाशाला वाई जशी दिसते, तशीच ती कॅमेऱ्यालाही दिसते. दोघांनाही हवी असते ती सुरेख पार्श्वभूमी.

पाठशाळेपासून विश्वकोशापर्यंत

वाईचा खरा मोठेपणा मात्र छायाचित्रात येण्याजोगा नाही. तो गावातल्या साध्या इमारतींत, कपाटांतल्या ग्रंथांत आणि काही माणसांच्या आयुष्यभराच्या कष्टांत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे यांनी येथे प्राज्ञपाठशाळेचे कार्य उभे केले. पुढे संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन तरुण विनोबा १९१७ च्या सुमारास संस्कृत शास्त्रांच्या अभ्यासासाठी आले, ते याच गुरूंकडे. खानदेशातील पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी हा मुलगाही येथेच शिकला आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला. मीमांसाकोश आणि धर्मकोश हे प्रचंड प्रकल्प याच गावी आकाराला आले. धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ साली प्रसिद्ध झाला.

जुन्या शास्त्रांचे अध्ययन अनेक ठिकाणी होत होते. वाईचे वेगळेपण असे की, येथील पंडितांनी शास्त्राला काळाचे प्रश्न विचारले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे, असे सनातनी मंडळी सांगत असताना १९३२-३३ मध्ये गांधीजींच्या बाजूने शास्त्रार्थ करणाऱ्यांत तर्कतीर्थ पुढे होते. १९३३ साली गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्य त्यांनीच केले. पोथीच्या बळावर पोथीतल्या अन्यायाला उत्तर देणारा हा पंडित पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडेही वळला. त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिलाच.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने साहित्य आणि संस्कृतीसाठी मंडळ नेमले आणि त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांना दिले. मराठीत सर्व विषयांचे ज्ञान एकत्र आणणारा विश्वकोश करायचे ठरले, आणि त्याचे संपादन कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात न होता वाईत झाले. या निर्णयाचे महत्त्व आज पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पदार्थविज्ञान, वैद्यक, अर्थशास्त्र, शेती, संगीत अशा विषयांवरच्या नोंदी कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावी तपासल्या गेल्या. इंग्रजीत सहज वावरणाऱ्या शेकडो कल्पनांना येथे मराठी शब्द शोधले गेले. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. वीस खंडांचे काम पुरे व्हायला २०१५ साल उजाडले. १९९४ साली तर्कतीर्थ गेले. तोवर ते या कामाचे प्रमुख संपादक होते. आज हा कोश संगणकावर, भ्रमणध्वनीवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. विद्येचा अधिकार काही थोड्यांचाच, असे मानणाऱ्या समाजात जे विद्यापीठ वाढले, त्याच गावातून पुढे ज्ञान सर्वांसाठी, सर्वांच्या भाषेत खुले झाले. गणपतीच्या देवळाची भिंत जशी पुराला पाठ दाखवीत नाही, तसेच या पंडितांनी नव्या युगाच्या लोंढ्याला पाठ दाखविली नाही. दगडात आणि विचारात या गावाचे शहाणपण एकाच जातीचे आहे.

नदी कोणाची?

असे हे गाव आज कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न प्रवाशाने टाळू नये. वाईच्या वर धोमचे धरण झाले. त्यासाठी खोऱ्यातली गावे उठली. खालच्या शेतांना मात्र बारमाही पाणी मिळाले. आता घाटावरचे पाणी पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. दरवाजे उघडले की देवळाला पाणी लागते. एरवी पात्रात उरते ते संथ, कित्येकदा शेवाळलेले पाणी. काठावर गावे वाढली, त्यांचे सांडपाणी वाढले, आणि कृष्णाकाठच्या इतर गावांप्रमाणे वाईलाही त्याचा उपद्रव भोगावा लागतो. निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पायऱ्यांना अडकतात. गावातील काही मंडळी श्रमदानाने पात्र स्वच्छ करीत आली आहेत, त्यांचे कौतुक केले पाहिजे. पण ज्या नदीला वर्षातून एकदा देवी म्हणून मांडवात बसवायचे, तिलाच वर्षभर गटार म्हणून वापरायचे, ही विसंगती केवळ नगरपालिकेच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. अर्ध्या तासासाठी थांबणारा प्रवासीही पिशवी मागे ठेवूनच पुढे जातो.

जुने वाडेही एकामागून एक उतरत आहेत. घरमालकांना दोष देणे सोपे आहे. लाकडी वाडा सांभाळण्याचा खर्च, वाटण्या, गळती, वाळवी यांना तोंड देणाऱ्या कुटुंबाला ‘वारसा जपा’ असा उपदेश करणाऱ्याने आधी एक पावसाळा त्या वाड्यात काढावा. उपदेशाने वाडे उभे राहत नाहीत. त्यांचा काही उपयोग उरला, त्यांना पाहायला, त्यांत राहायला, अभ्यास करायला माणसे येऊ लागली, तरच ते टिकतात. आज वाईतून जाणारा पैसा आणि वेळ बव्हंशी डोंगरावर खर्च होतो. पायथ्याच्या गावाच्या वाट्याला येते ती वाहनांची कोंडी आणि धूळ.

येथेच शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना काही करता येण्याजोगे आहे. सहलीच्या दोन दिवसांपैकी एक दिवस वाईला द्यावा. सकाळी देवळाची मागची भिंत पाहावी आणि पाण्याचा लोंढा तेथे कसा दुभंगत असेल, याचे चित्र मुलांना काढायला सांगावे. दुपारी मेणवलीला जाऊन घंटेवरचे साल वाचावे. धोमला नृसिंहाच्या देवळापाशी कमळाकृती कुंड आणि कासवाच्या पाठीवर बसविलेला नंदी आहे, तो पाहावा. पसरणी चढताना, हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव, हेही सांगावे. पाचगणीजवळचे भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे थांबणाऱ्याने पायथ्याशी असलेले कोशांचे गाव चुकवावे, हे बरे नव्हे. यासाठी शासनाच्या अनुदानाची गरज नाही, की भव्य योजनेचीही नाही. वेळापत्रकात थोडा बदल आणि शिक्षकाची थोडी पूर्वतयारी पुरेशी आहे.

त्या तयारीचे साधनही वाईनेच देऊन ठेवले आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात विश्वकोशातील कृष्णा नदीवरील नोंद मोठ्याने वाचावी. सह्याद्रीत उगम पावून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी तीन-चार राज्यांना पाणी पाजते, हे मुलांना कळेल. दुसऱ्या दिवशी ती मुले घाटाच्या पायरीवर उभी राहतील, तेव्हा आदल्या दिवशी वाचलेली नोंद याच गावात बसून कोणी तपासली होती, हेही त्यांना सांगावे. मग पायरीला अडकलेली पिशवी त्यांतला एखादा मुलगा न सांगता उचलील.

महाबळेश्वर संध्याकाळी गाठले तरी चालते. तेथील सूर्यास्त दुसऱ्या दिवशीही होणारच असतो.